इंजिनाचा पिवळा दिवा आणि त्यामागचा कोड

मोटारीची किल्ली फिरविताच डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत विझतो. तो विझला नाही, अथवा चालत्या गाडीत मध्येच लागला, तर इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकाने एखादा दोष नोंदवून ठेवला आहे, असे समजावे. गॅरेजच्या बोलीत हा 'चेक लाइट'. त्यामागे संगणकाच्या स्मृतीत एक अक्षर आणि चार अंक मिळून झालेला संकेतांक साठविलेला असतो. त्याला 'फॉल्ट कोड' किंवा नुसते 'कोड' म्हणतात. कोड वाचणे आज कोणालाही जमण्याजोगे झाले आहे. त्याचा अर्थ लावताना मात्र अजूनही सर्रास चूक होते आणि त्या चुकीची किंमत गाडीच्या मालकाला सुट्या भागांच्या बिलात मोजावी लागते.

(जुनी मोटार विकत घेणाऱ्यांनी येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागलाच पाहिजे. तो मुळी लागतच नसेल, तर दोष लपविण्यासाठी कोणी तो निकामी करून ठेवला असण्याचा संभव असतो.)

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला आणि 'एमएच-३७' क्रमांकाच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. रिसोड, मंगरूळपीर, मानोरा या तालुक्याच्या गावांदरम्यान होणारा प्रवास बेताच्या वेगाचा आणि थोड्या अंतराचा असतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. जिल्ह्यात कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव येथून या महामार्गावर चढता येते. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. गावातल्या गावात निमूट चालणारी मोटार येथे तासन् तास भाराखाली धावते आणि एरवी दडून राहिलेले दोष याच ठिकाणी दिव्याच्या रूपाने वर येतात. असा दिवा लागल्यावर काय करावे आणि काय करू नये, हे महामार्गावर चढण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे.

कोडची भाषा

कार्बोरेटरच्या काळात मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून, प्लगचा रंग पाहून आणि धुराचा वास घेऊन निदान करीत असे. इंधन मोजून देण्याचे काम संगणकाकडे गेल्यावर दोष सांगण्याचे कामही ओघानेच त्याच्याकडे आले. यामागची प्रेरणा मात्र मालकाच्या सोयीची नव्हती, तर हवेच्या प्रदूषणाची होती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९१ च्या मॉडेलपासून मोटारींत स्वयंनिदानाची सोय सक्तीची केली. तिची सुधारित व सर्व कंपन्यांसाठी एकसारखी आवृत्ती, म्हणजे 'ओबीडी-२', १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत लागू झाली. भारतात १ एप्रिल २०१० रोजी मुंबई, पुणे, सोलापूर यांसह १३ शहरांत भारत स्टेज-४ मानके आली, तेव्हा त्या गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा बंधनकारक झाला. भारत स्टेज-४ मानके देशभर लागू झाली ती १ एप्रिल २०१७ पासून, आणि भारत स्टेज-६ मानके १ एप्रिल २०२० पासून. यामुळे एमएच-३७ च्या जुन्या गाड्यांत सरमिसळ आढळते. काहींत सर्वमान्य कोड मिळतात, तर काहींत कंपनीची खासगी भाषा असते. त्याहून जुन्या काही गाड्यांत तपासणीच्या दोन तारा जोडल्या की हाच दिवा ठराविक वेळा लुकलुकून आपला आकडा सांगे.

सर्वमान्य कोडची रचना सोपी आहे. पहिले अक्षर विभाग दाखविते. 'पी' म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, 'बी' म्हणजे बॉडी, 'सी' म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखी चासीची अंगे आणि 'यू' म्हणजे गाडीतील निरनिराळ्या संगणकांमधील संभाषण. त्यापुढचा पहिला अंक शून्य असेल तर कोड सर्व कंपन्यांसाठी समान, आणि एक असेल तर कंपनीचा स्वतःचा. त्यानंतरचा अंक उपविभाग सांगतो. एक व दोन म्हणजे हवा आणि इंधन, तीन म्हणजे ठिणगी आणि मिसफायर, चार म्हणजे धूर-नियंत्रणाची साधने. शेवटचे दोन अंक नेमकी तक्रार नोंदवितात.

येथे 'तक्रार' हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. ऑक्सिजन सेन्सरने मिश्रणात इंधन कमी असल्याचे कळविले, तर कोड त्या कळविण्याचा असतो. सेन्सर बिघडल्याचा तो पुरावा नव्हे. तक्रार घेऊन आलेल्या माणसालाच कोठडीत टाकावे, तसा प्रकार कोड पाहून थेट सेन्सर बदलताना घडतो. आणि हा प्रकार वाशिममध्येच घडतो असे नाही. मोठ्या शहरांतील झगमगीत वर्कशॉपमध्येही तो नित्याचा आहे.

एका कोडचा माग

उदाहरणादाखल असे समजू, की वाशिममधील दहा वर्षे वापरलेली एक पेट्रोल मोटार शेलूबाजारजवळ समृद्धीवर चढून नागपूरकडे निघाली. अर्ध्या तासात पिकअप मंदावला आणि चेक लाइट लागला. वेग ऐंशीपर्यंत उतरविल्यावर गाडी सुरळीत चालली. गावी परतल्यावर स्कॅनर लावला, तर कोड निघाला पी०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी. ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला, दिवा गेला. पंधरा दिवस गावात काही त्रास नाही. पुढच्या नागपूर फेरीत पुन्हा तोच दिवा आणि तोच कोड.

येथे पहिली चूक झाली ती कोडसोबतची माहिती न वाचण्याची. दोष नोंदविला त्या क्षणी इंजिनाची स्थिती काय होती, याचा एक तक्ता संगणक जपून ठेवतो. त्याला 'फ्रीझ फ्रेम' म्हणतात. वेग, इंजिनाचे फेरे, त्यावरील भार, कूलंटचे तापमान हे सारे त्यात असते. आपल्या उदाहरणात तेथे ताशी ११५ किलोमीटर वेग आणि मोठा भार दिसला असता. दोष केवळ भाराखाली उद्भवतो, हे तेवढ्यावरूनच उघड झाले असते.

दुसरे साधन म्हणजे 'फ्युएल ट्रिम'. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून संगणक इंधन किती टक्के वाढवितो किंवा घटवितो, ते या आकड्यात दिसते. तात्पुरता आणि दीर्घकालीन अशा दोन ट्रिमांची बेरीज उणे दहा ते अधिक दहा टक्के यांच्या दरम्यान राहिली, तर सहसा चिंता नसते. ती अधिक वीस-पंचवीसच्या आसपास जाऊन टिकली, की पी०१७१ उमटतो. आता आयडलवर बेरीज अधिक चार आणि भाराखाली अधिक बावीस असेल, तर इंजिनाला लागेल तेवढे पेट्रोल पुढे पोहोचत नाही, असा निष्कर्ष निघतो. फिल्टर तुंबला असेल, पंप थकला असेल किंवा इंजेक्टर मळले असतील. गावातल्या वेगात थकलेला पंपही पुरेसे पेट्रोल देतो, म्हणून तेथे काही जाणवत नाही.

मग पंप बदलावा काय? अजून नाही. इंधनाचा दाब गेज लावून मोजावा. बहुतेक छोट्या पेट्रोल मोटारींत तो तीन ते चार बार असतो. दाब कमी भरला, तर इंजिन चालू ठेवून पंपाच्या जोडणीवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि पंपावर ११ असतील, तर तीन व्होल्ट वाटेत कोठेतरी गळत आहेत. पुष्कळ छोट्या मोटारींत ही जोडणी मागच्या सीटखाली असते. तिथली पिन हिरवी पडलेली किंवा अर्थिंगची तार सैल झालेली असली, तर पॉलिश कागद, नवी पिन आणि अर्ध्या तासाचे काम, एवढ्यावर प्रश्न सुटतो. नवा सेन्सर आणि नवा पंप मिळून होणारा हजारो रुपयांचा खर्च वाचतो. व्होल्टेज पूर्ण मिळूनही दाब कमी असला, तरच फिल्टर आणि पंपाकडे वळावे.

ट्रिमचे चित्र उलट असेल, म्हणजे आयडलवर बेरीज जास्त आणि फेरे वाढविल्यावर कमी, तर इंजिन 'एअर घेत' असण्याची शक्यता असते. तडकलेली रबरी नळी किंवा मॅनिफोल्डचे पॅकिंग पाहावे. परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत याच कारणावर भर दिलेला असतो. तो मुख्यतः आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या सेन्सरच्या गाड्यांना लागू पडतो. आपल्याकडच्या बहुसंख्य छोट्या मोटारींत मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा सेन्सर असतो. त्यांत अशा गळतीने बहुधा कोड न येता आयडल वाढतो. त्यामुळे नळी शोधण्यात दिवस घालविण्याआधी आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे, ते पाहावे. शिवाय ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या नळीला भेग असली, तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सरची फसगत होते.

यात अलीकडे एका घटकाची भर पडली आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने ते जाळण्यास हवा कमी लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक द्यावे लागते. निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ही वाढ सुमारे सात ते आठ टक्के भरते. संगणक ती निमूटपणे ट्रिममध्ये सामावून घेतो. परंतु जुन्या गाडीत फिल्टर थोडासा तुंबलेला असेल, तर पूर्वी पचून जाणारी उणीव आता कोडच्या मर्यादेपर्यंत जाऊ शकते. अशा वेळी 'पेट्रोल खराब' एवढ्यावर न थांबता बाकीची उणीव कोठे आहे, ते शोधावे.

लुकलुकणारा दिवा

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर वेग उतरवून मुक्कामी पोहोचता येते. दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट निराळी. एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न जळता तसेच बाहेर पडत आहे, असा त्याचा अर्थ. हे इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली चिनीमातीची जाळी वितळू शकते. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असलेला हा भाग गाडीतील महागड्या भागांपैकी एक. म्हणून दिवा लुकलुकू लागताच पाय हलका करावा, जवळच्या सुरक्षित जागी थांबावे आणि गाडी पुढे दामटू नये. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. तेथे कोड वाचण्याइतकीही सवड नसते.

मिसफायरचे कोड वाचायला सर्वांत सोपे. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, आणि पी०३०० म्हणजे कधी हा तर कधी तो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल असेल, तर निदान फुकटात होते. पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर बसवावी, कोड पुसून गाडी चालवावी. कोड पी०३०२ झाला, तर कॉइल खराब. तो पी०३०१ च राहिला, तर हीच अदलाबदल प्लगची करावी, आणि मग इंजेक्टर व कॉम्प्रेशन यांच्याकडे वळावे. जिल्ह्यातील जुने मिस्त्री मोटारसायकलचा प्लग याच रीतीने ओळखत आले आहेत. पद्धत नवी नाही, केवळ आकडा नवा आहे.

पी०४२० हा कोड कन्व्हर्टरचे काम खालावल्याचे सांगतो आणि ग्राहकाला सर्वाधिक घाबरवितो. नवा कन्व्हर्टर घेण्यापूर्वी त्याच्या पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे आलेख शेजारी ठेवून पाहावेत. साध्या प्रकारच्या सेन्सरमध्ये पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टदरम्यान सतत वरखाली होतो. मागचा जवळपास स्थिर राहिला पाहिजे. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल आणि सायलेन्सरला गळती नसेल, तरच कन्व्हर्टर संपला असे म्हणावे. तसे झाले, तरी तो कशाने संपला याचा शोध बाकी राहतो. जुना मिसफायर किंवा जळणारे इंजिन ऑइल तसेच राहिले, तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल.

डिझेल, धूळ आणि उंदीर

भारत स्टेज-६ च्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी सुमारे ६०० अंश तापमानाला जाळून संगणक तो वेळोवेळी साफ करतो. घर ते दुकान, दुकान ते शेत अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ही सफाई पुरी होत नाही. मग फिल्टरचा दिवा लागतो आणि पी२४६३ सारखा कोड उमटतो. सुरुवातीच्या पायरीवर महामार्गावरची वीस-पंचवीस मिनिटांची सलग चाल हाच उपाय असतो. गाडीच्या पुस्तिकेत वेग आणि वेळ दिलेली असते. मात्र त्या अवस्थेत सायलेन्सर विलक्षण तापतो. सुगीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या सोयाबीनच्या कुटारावर किंवा वाळल्या गवतावर अशी गाडी उभी करणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. डिझेलचा दुसरा नेहमीचा कोड पी००८७, म्हणजे इंधनाचा दाब अपुरा. तेथे महागडा पंप उघडण्याआधी डिझेल फिल्टर आणि त्यातले पाणी पाहावे.

मळणीच्या हंगामातील धुळीने एअर फिल्टर लवकर भरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. उंदरांचा हिशेब मात्र राहून जातो. उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने त्यांना काहीतरी कुरतडावेच लागते, आणि बंद ठेवलेल्या मोटारीचे उबदार बॉनेट त्यांना सोयीचे पडते. एकाच वेळी परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच कोड आले, किंवा 'यू' ने सुरू होणारे कोड दिसले, तर प्रथम बॅटरी आणि मग वायरिंग पाहावे. बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखविते. ती अशक्त असेल, तर संगणक नसलेले दोषही सांगू लागतो. या कामी स्कॅनरपेक्षा साधा मल्टिमीटर आणि गावातला चांगला वायरमन अधिक उपयोगी.

कोड पुसण्यापूर्वी

बॅटरीची तार पंधरा मिनिटे काढून ठेवली की अनेक गाड्यांत दिवा विझतो. ही युक्ती सर्वत्र प्रचलित आहे आणि बहुतेक वेळा नुकसानकारक. त्याने कोड जातो, फ्रीझ फ्रेम जाते आणि संगणकाने शिकलेल्या दुरुस्त्याही जातात. शिवाय कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर इत्यादींच्या स्वयंचाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. पुष्कळसे दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याखेरीज संगणक दिवा लावीतच नाही. म्हणून पुसल्यानंतरची दोन दिवसांची शांतता हा दुरुस्तीचा पुरावा ठरत नाही. उलट खरोखर दुरुस्ती झाली असेल, तर लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपणहून विझतो. त्यामुळे पुसण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेम यांचा फोटो काढून ठेवावा.

मालकाने स्वतः कोड वाचणे अवघड नाही. स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला १६ पिनांचा सॉकेट असतो. त्यात ब्लूटूथचे छोटे यंत्र बसवून मोबाइलवर आकडे पाहता येतात. साधे यंत्र हजार-दीड हजार रुपयांच्या आत मिळते. ते इंजिनाचे सर्वमान्य कोड आणि चालू आकडे दाखविते. एअरबॅग, एबीएस किंवा कंपनीचे खास कोड यांसाठी गॅरेजमधील मोठा स्कॅनर लागतो. काम झाल्यावर हे यंत्र काढून ठेवावे. काही गाड्यांत ते बॅटरी उतरविते आणि आठवडाभर उभी असलेली गाडी मग सुरूच होत नाही.

गॅरेजमध्ये गाडी देताना कोड लिहून घ्यावा, कोणती चाचणी करून कोणता भाग दोषी ठरविला ते विचारावे, आणि बदललेला जुना भाग परत मागावा. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. त्याने मोजमाप केलेले असते आणि ते सांगायला त्याला आवडते. तपासणीची मजुरी वेगळी द्यायला मात्र ग्राहकाने कुरकुर करू नये. भाग विकल्याशिवाय पैसा मिळत नसेल, तर मिस्त्री भागच बदलत राहणार. अनावश्यक भाग बसवून पैसे घेतले गेले आणि बोलून मार्ग निघाला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचाही दरवाजा उघडा आहे. त्या वेळी कोडचा तो फोटो आणि जुना भाग कामी येतात.

दुरुस्तीनंतरची चाचणी गॅरेजच्या दारात आयडलवर घेऊन उपयोग नाही. ज्या स्थितीत दोष नोंदविला गेला, तीच स्थिती पुन्हा निर्माण करावी लागते. उदाहरणातील मोटारीसाठी ती स्थिती म्हणजे शेलूबाजार ते कारंजा ही महामार्गावरची धाव. मिस्त्रीला शेजारी बसवावे, मोबाइलवर ट्रिमचे आकडे लावून त्याच्या हाती द्यावेत, आणि परतल्यावर दिवा न लावता नोंदलेला 'पेंडिंग' कोड काही शिल्लक आहे का, ते पाहूनच बिल चुकते करावे.